लुप्त भाषेतील 'सहा' : चिनी-तिबेटी संख्याशब्दांचा शोध

ब्रह्मदेशातील पगान येथे म्याझेदी या नावाने प्रसिद्ध असलेला शिलालेख आहे. राजा क्यान्झित्था मृत्युशय्येवर असता त्याचा पुत्र राजकुमार याने सुवर्णाची बुद्धमूर्ती घडवून दान दिली, त्याची ही नोंद होय. इ. स. १११३ च्या सुमारास कोरलेल्या या स्तंभाच्या चार बाजूंवर एकच आशय पाली, प्यू, मोन आणि बर्मी या चार भाषांत आढळतो. बुद्धशासनाची १६२८ वर्षे लोटली होती, असे त्यात म्हटले आहे. लुप्त झालेली प्यू भाषा याच लेखाच्या आधारे वाचता येऊ लागली. चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १९११ साली त्या दिशेने पहिले मोठे पाऊल टाकले.

या कालनिर्देशातील 'सहाशे'कडे आपण लक्ष देऊ. जुन्या बर्मीत सहाला 'ख्रोक्' म्हणत. तिबेटी ग्रंथांत 'द्रुग्' असे लिहितात. आपल्याच देशातील मणिपुरी भाषेत 'तरुक्' आणि मिझो भाषेत 'परुक्' म्हणतात. या सर्व शब्दांचा गाभा एकच दिसतो. प्रश्न असा की, हे साम्य योगायोगाचे, उसनवारीचे की नात्याचे?

केवळ कानाला जाणवणाऱ्या साम्यावर विसंबून याचे उत्तर देता येत नाही. एका भाषेतील विशिष्ट ध्वनीच्या जागी दुसऱ्या भाषेत ठराविक ध्वनी पुन्हा पुन्हा येतो काय, हे अनेक शब्दांत तपासावे लागते. आजच्या चिनी भाषेतील कँटनी बोलीत सहाला 'लुक्' म्हणतात. येथे 'र' नाही. तथापि प्राचीन चिनीतील आरंभीचा 'र' पुढे नियमाने 'ल' झाला, हे इतर शब्दांवरूनही दिसते. चिनी लिपी उच्चार थेट दाखवीत नाही. म्हणून प्राचीन काव्यातील यमके आणि इ. स. ६०१ मधील 'छिए-युन' हा यमककोश यांचे साहाय्य घ्यावे लागते. याउलट सातव्या शतकात भारतीय लिपीच्या धर्तीवर घडलेल्या तिबेटी लिपीने जुने उच्चार जपून ठेवले आहेत. ल्हासाचा मनुष्य आठला 'ग्ये' म्हणतो, पण लिहितो 'ब्र्ग्यद्'.

अशा तुलनेतून जो मूळ शब्द सिद्ध होतो, त्यापूर्वी तारका लावतात : *रुक्. हा शब्द कोणी ऐकलेला वा लिहिलेला नाही, तो अनुमानाने मिळाला आहे, एवढाच त्या तारकेचा अर्थ. तीन (सुम्), पाच (ङा) आणि नऊ (कु) यांचीही अशीच पुनर्रचना झाली आहे. पॉल बेनेडिक्ट यांचा १९७२ चा ग्रंथ आणि जेम्स मॅटिसॉफ यांचा संख्याशब्दांवरील १९९७ चा ग्रंथ या कार्यात महत्त्वाचे मानले जातात.

मग 'द्', 'ख्', 'त', 'प' हे आरंभीचे ध्वनी आले कोठून? हे बहुतांशी उपसर्ग आहेत, आणि ते फसवे ठरू शकतात. संख्या आपण ओळीने मोजतो. त्यामुळे एका शब्दाचा उपसर्ग शेजारच्या शब्दाला चिकटतो. मिझो भाषेत पथुम्, पली, पङा, परुक् अशी 'प'ची रांगच लागली आहे. म्हणून गाभ्यापेक्षा उपसर्गाविषयीचे अनुमान अधिक सावधपणे करावे लागते. सातची गोष्ट आणखी निराळी आहे. तिबेटी 'ब्दुन्' आणि बर्मी 'खुनच्' यांचा मेळ बसत नाही. जेथे पुरावा जुळत नाही, तेथे एकच पूर्वज कल्पणे युक्त नव्हे.

आता उसनवारीचा विचार करू. थाई भाषेत तीनला 'साम्' आणि जपानीत 'सान्' म्हणतात. सहाला जपानीत 'रोकु' म्हणतात. तथापि या दोन्ही भाषा चिनी-तिबेटी कुलातील नाहीत. हे शब्द त्यांनी चिनीतून घेतले. जपानीत तीनसाठी 'मित्सु' हा स्वतःचा शब्द आजही आहे. शिवाय सर्वनामे, शरीराचे अवयव इत्यादी मूलभूत शब्द चिनीशी नियमाने जुळत नाहीत.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी या कुलाचा उगम उत्तर चीनमध्ये, एकाने सुमारे ५९०० व दुसऱ्याने सुमारे ७२०० वर्षांपूर्वी झाला, असे अनुमान काढले. कुलाच्या शाखा नेमक्या कशा फुटल्या, याविषयी मात्र विद्वानांत मतभेद आहेत.

यातून एक विवेक आपण घ्यावा. भाषेचे कुल म्हणजे रक्ताचे कुल नव्हे. माणसे भाषा बदलतात आणि शब्द उसने घेतात. बौद्ध राष्ट्रांत त्रिरत्नांची गणना सारख्या शब्दांनी होते, म्हणून ती राष्ट्रे एका वंशाची ठरत नाहीत. म्याझेदीच्या स्तंभावर भिन्न कुलांतील चार भाषा एकाच दानाची साक्ष देत उभ्या आहेत. त्यांना एकत्र आणले ते वंशाने नव्हे, धम्माने.