शेवटच्या आजारपणातला शेजारधर्म

‘आता घरी घेऊन जा, इथे करण्यासारखं काही उरलेलं नाही.’ शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या नातेवाइकांना हे वाक्य ऐकावं लागतं. डॉक्टर खोटं बोलत नसतात. आजार हटवण्याचे उपाय खरोखरच संपलेले असतात. पण घरी आल्यावर करण्यासारखं इतकं असतं की घरातली माणसं मेटाकुटीला येतात. रात्री दोन वाजता दुखणं उसळतं. पडून पडून पाठीला जखमा होतात, लघवीची नळी तुंबते, घास गिळवत नाही. मुलाची रजा संपत आलेली असते. आणि आईला तिचा आजार सांगायचा की लपवायचा, यावरून भावंडांत धुसफूस सुरू असते.

या दिवसांची जबाबदारी नेमकी कुणाची? केरळने या प्रश्नाचं जे उत्तर शोधलं, ते देशात इतरत्र त्या प्रमाणात कुठेच दिसत नाही.

सुरुवात १९९३ साली कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात झाली. भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी काही सहकाऱ्यांसह ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ स्थापन केली. आजार बरा करता येत नसला तरी त्याचा त्रास कमी करायचा, हे तिचं काम. या वाटेवर येण्याआधीची एक घटना राजगोपाल यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. कर्करोगाच्या एका रुग्णाची वेदना त्यांनी मज्जातंतू बधिर करून थांबवली. पुन्हा कधी येऊ, असं त्याने विचारलं. आता माझ्याकडे यायची गरज नाही, असं ते म्हणाले. आपला आजार बरा होणारा नाही, हे त्याला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. ते त्या क्षणी त्याच्या लक्षात आलं. घरी जाऊन त्याने आयुष्य संपवलं. वेदना थांबली होती, पण माणसाकडे कुणी पाहिलं नव्हतं.

हेच सूत्र लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी आधी मांडलं होतं. त्या आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. मरणासन्न माणसाच्या दुखण्यात शरीर, मन, घरची परिस्थिती आणि श्रद्धा सगळं एकत्र गुंतलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या प्रेरणेतून जगभर हॉस्पिस उभी राहिली. मात्र ती इमारत, खाटा आणि पगारी कर्मचारी यांवर चालतात. तेवढा पैसा केरळातल्या खेड्यांकडे नव्हता.

कोझिकोडच्या दवाखान्यात दुरून रुग्ण येत. प्रवासानेच ते अर्धमेले होत, आणि पुढच्या खेपेला अनेक जण येऊच शकत नसत. डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा भेटले, तरी मधल्या चौदा रात्रींचं काय? २००१च्या सुमारास मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत ‘नेबरहूड नेटवर्क इन पॅलिएटिव्ह केअर’ हे शेजाऱ्यांचं जाळं विणलं गेलं. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकणारा कुणीही त्यात येऊ शकत होता. विद्यार्थी आले, व्यापारी आले, निवृत्त शिक्षक आणि गृहिणीही आल्या. त्यांना सुमारे १६ तासांचे वर्ग आणि चार दिवसांचं प्रत्यक्ष काम असं प्रशिक्षण मिळे. रुग्णाचं ऐकून कसं घ्यायचं, कूस कशी बदलायची, जखम कशी स्वच्छ करायची आणि खोटी आशा न दाखवता कसं बोलायचं, हे त्यात शिकवलं जाई.

घरभेटीचा कणा म्हणजे नर्स. ती गाडीतून स्वयंसेवकांसह घरोघर जाते, जखमा धुते, नळी बदलते, औषधांचा हिशेब पाहते आणि डॉक्टरांशी बोलते. स्वयंसेवकाचं लक्ष वेगळीकडे असतं. डब्यात तांदूळ आहे का? मुलगी अचानक शाळेत जायची का थांबली? रात्रभर जागणाऱ्या सुनेला दुपारी दोन तास झोप मिळेल अशी सोय कशी करता येईल? औषधाच्या चिठ्ठीवर यातलं काहीच येत नाही, आणि डॉक्टरला हे सुचणारही नाही. गल्लीतल्या माणसाला ते आधीच ठाऊक असतं. म्हणूनच या कामात शेजाऱ्याला डॉक्टरचा हरकाम्या समजणं चूक आहे. उपचाराचा एक मोठा भाग तोच करत असतो.

पैसाही गावातूनच जमला. दुकानांत देणगीच्या पेट्या ठेवल्या गेल्या, छोट्या छोट्या वर्गण्या गोळा झाल्या. २००८ साली केरळ सरकारने पॅलिएटिव्ह सेवेचं धोरण जाहीर केलं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्यानंतर पंचायतींनी आपल्या निधीतून घरभेटीच्या नर्स नेमल्या. अंथरुणाला खिळलेले सगळेच रुग्ण या सेवेत आले: पक्षाघाताचे, मूत्रपिंड निकामी झालेले, मणक्याला इजा झालेले. कमरेखालून लुळ्या झालेल्या माणसांना छत्र्या किंवा कागदी वस्तू बनवण्याचं काम मिळवून देणंही काही केंद्रांनी आपलंच मानलं.

हे केरळातच का जमलं? तिथे वस्ती दाट आहे, घरं एकमेकांना लागून आहेत, साक्षरता मोठी आहे. १९९६च्या लोकयोजना मोहिमेने पंचायतींच्या हाती खराखुरा पैसा दिला. अशी जमीन तयार नसेल, तर नुसत्या सद्भावनेवर हे जाळं फार काळ टिकत नाही.

आणखी एक अडसर होता: मॉर्फिन. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची ही साधी, स्वस्त गोळी दर चार तासांनी दिली तर रुग्ण शांत झोपू शकतो. भारत अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात ती पिकते. तरीही १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची अशी रांग लागली, की पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला. घरी दिलेल्या गोळ्या व्यसनींच्या हाती जातील, ही भीती होती. कोझिकोडच्या केंद्राने दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना मॉर्फिन दिलं, बहुतेकांना घरीच. गैरवापराचा एकही प्रकार आढळला नाही. ही पाहणी २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. बऱ्याच पाठपुराव्यानंतर २०१४ साली कायदा बदलला. आता अनेक परवान्यांऐवजी रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते.

महाराष्ट्र या विषयात कोरा नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केंद्र १९९७पासून विनामूल्य सेवा देतं. परळच्या टाटा रुग्णालयाचं पथक घरीही जातं. ही कामं मोलाची आहेत, पण ती मुख्यतः शहरांत आणि कर्करोगाभोवती आहेत. जत किंवा मेळघाटातल्या घरात पक्षाघाताने पडून असलेल्या माणसापर्यंत ती पोचत नाहीत.

मराठी गावाला शेजारधर्म शिकवावा लागत नाही. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही तेव्हा पिठलं-भात शेजारूनच येतो, तिरडी बांधायला न सांगता माणसं जमतात. ही धावपळ मरणाच्या दिवशी होते. त्याआधीच्या तीन महिन्यांत मात्र लोक फळं घेऊन येतात, ‘होईल बरं’ म्हणतात आणि जातात. आपण नक्की काय करायचं हे त्यांना ठाऊक नसतं. केरळने तीच माणसं तीन महिने आधी, तयार करून, घरात आणली. बचत गट, गणेश मंडळं, भजनी मंडळं यांच्याकडे माणसं आणि संघटन दोन्ही आहे. आशा सेविका तर प्रत्येक घर ओळखते.

कायद्याची वाटही मोकळी होत आहे. अखेरीस कृत्रिम उपचारांनी आयुष्य लांबवू नये, असं आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला. जानेवारी २०२३मध्ये प्रक्रिया सुटसुटीत झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२४मध्ये असं वैद्यकीय इच्छापत्र नोंदवलं. पण उपचार नाकारणं म्हणजे देखभाल नाकारणं नव्हे. व्हेंटिलेटर नको असं लिहिलेल्या माणसालाही वेदनेवर गोळी लागते, पाठ पुसणारा हात लागतो.

म्हणूनच एखाद्या तालुक्याला हे काम हाती घ्यायचं असेल, तर पहिली चौकशी जवळच्या रुग्णालयात करावी लागेल: मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आहे का, आणि ते देण्याचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आहे का? नसेल, तर मान्यतेचा अर्ज आणि डॉक्टरचं प्रशिक्षण आधी. नाहीतर तयार झालेले स्वयंसेवक रुग्णाच्या घरी पोचतील आणि त्याचं कण्हणं ऐकत बसून राहतील.