किमतीमागचं मन (भाग ६) : तिकिटानंतरचं तिकीट

प्रवेशाचं तिकीट आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. पण विमानभाडं, हॉटेल आणि प्रवेश एवढं सगळं भरून झाल्यावरही माणूस आत गेल्यागेल्या पुन्हा पाकीट का काढतो? याचं उत्तर शोधायला अमेरिकेतले चाहत्यांचे मेळावे बरे.

सॅन दिएगोचा 'कॉमिक-कॉन' १९७० पासून भरतो. हल्ली लाखाच्या वर माणसं येतात आणि सगळ्यात मोठ्या 'हॉल एच'मध्ये मावतात सुमारे ६,५००. एक कार्यक्रम संपला म्हणून सभागृह रिकामं करत नाहीत, त्यामुळे लोक आदल्या रात्रीपासून रांगेत झोपतात. ही रांग पैसे देऊन चुकवता येत नाही. दुसरीकडे 'क्रिएशन एंटरटेनमेंट'सारखी मेळावे भरवणारी व्यावसायिक कंपनी 'गोल्ड' पॅकेज विकते. त्यात तीनचार दिवस खुर्ची ठरलेली, पुढची.

ही खुर्ची घेणारा आराम विकत घेतो असं वाटतं. माझ्या मते तो खात्री घेतो. मेळावा तीन दिवसांचा, आवडता नट तिथे असणार दोन तास, आणि रांगेत गेलेला तास परत मिळत नाही. नटाबरोबरच्या फोटोचंही तेच. नट शेजारी उभा राहतो जेमतेम काही सेकंद, तरी लोक शंभर-शंभर डॉलर मोजतात, कारण ते काही सेकंद मिळणार हे घरून निघतानाच पक्कं झालेलं असतं. शिवाय अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर सांगतात तसे आपण मनात खर्चाचे वेगवेगळे कप्पे करतो. घरखर्चात शंभर डॉलर टोचतात, पण 'सहली'च्या कप्प्यात, दीड हजाराच्या शेजारी, ते निमूट खपतात.

मग आयोजकांनी वाट्टेल ते विकावं का? इथेच गाडी अडते. १९८६ साली छापून आलेल्या अभ्यासासाठी कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी कॅनडात लोकांना विचारलं : हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी दुकानदाराने बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरवरून २० डॉलरला नेलं, तर? ८२ टक्के लोक म्हणाले, हा अन्याय. डिस्नेने आपल्या थीम पार्कांत १९९९ मध्ये फुकट सुरू केलेली रांग टाळायची सोय २०२१ मध्ये पैसे लावून परत आणली, तेव्हा नेहमीचे पाहुणे असेच खवळले. फोटो मुळात तिकिटात नव्हताच, म्हणून त्याचे पैसे द्यायला कुणाची हरकत नसते. पण कालपर्यंत तिकिटात असलेली चर्चासत्राची जागा उद्या 'विशेष पास'मध्ये गेली, तर पास न घेणाराच नव्हे, घेणाराही चिडतो. आपलीच वस्तू आपल्याला परत विकली, हे त्यालाही कळतं.

ही चीड टाळायची एक वाट म्हणजे देणगी. उत्तर अमेरिकेत दर दोन वर्षांनी भरणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात पुढच्या रांगा देणगीदारांना मिळतात. खुर्ची तीच, पण पैसे देणगी म्हणून गेले की देणाऱ्याची मान ताठ राहते आणि मागे बसणाऱ्यालाही ते जरा सोपं पचतं. (कुरकुर होतेच. अधिवेशन मराठी माणसांचं आहे.) ती देणगी सर्वांच्या जेवणात आणि नाटकात जाते हे दिसत असेल, तर कुरकुरही आटोक्यात राहते. हिशोब छापला नाही, तर मात्र 'देणगी' हे महागड्या तिकिटाचंच नाव होऊन बसतं.

पुढच्या आठवड्यात : लग्नाच्या हॉलचं भाडं आणि त्यात न धरलेला जनरेटर.