डॉलर बीडला पोहोचतो कसा?

आष्टी हा बीड जिल्ह्यातला कायम तहानलेला तालुका. टँकर, चारा छावण्या, कोरडे बंधारे हे सगळं इथल्या माणसांच्या अंगवळणी पडलेलं. त्याच आष्टीत सप्टेंबर २०२५मध्ये कड्याच्या परिसरात पुरात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. महिनाअखेरीस जायकवाडीतून गोदावरीत प्रचंड विसर्ग झाला आणि गेवराई-माजलगावच्या नदीकाठाने पुन्हा पाणी पाहिलं. सोयाबीन कापणीला आलेलं, कापसाची बोंडं फुटू लागलेली. ते सगळं पाण्याखाली.

अशा वेळी परदेशातल्या मराठी माणसाला गावाकडचे व्हिडिओ काही मिनिटांत दिसतात. ‘पैसे कुठे पाठवू?’ हा त्याचा पहिला प्रश्न. तो साधा वाटतो, पण त्याचं उत्तर त्याच्या खिशातल्या पासपोर्टवर अवलंबून असतं.

पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या कमाईतले, रीतसर बँकेतून आलेले असतील, तर कायदा त्यांना परदेशी देणगी मानत नाही. तो माणूस दुबईत असो की लंडनमध्ये, गावातल्या संस्थेला तो थेट देणगी देऊ शकतो. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की चित्र बदलतं. ओसीआय कार्ड असलं तरी कायद्याच्या लेखी तो परदेशी देणगीदार. गेवराईतल्या सख्ख्या भावाला पैसे पाठवायला त्यालाही आडकाठी नाही. वर्षाला १० लाखांपर्यंतची रक्कम असेल तर भावाला सरकारला कळवावंही लागत नाही. शेजारच्या घरासाठी, गावच्या शाळेसाठी किंवा पूरग्रस्त समितीसाठी द्यायचे म्हटलं की मात्र परदेशी देणगी नियमन कायदा, म्हणजे ‘एफसीआरए’, आडवा येतो.

या कायद्याखाली नोंदणी हवी तर संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि त्या काळात तिने मूळ कामावर १५ लाख रुपये तरी खर्च केलेले हवेत. २०२०च्या दुरुस्तीने अटी आणखी आवळल्या. परदेशातली रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. सर्वांत जाचक अट तिसरी: परदेशातून आलेला निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे द्यायचा नाही. पूर्वी पुण्या-मुंबईतली मोठी संस्था पैसे घ्यायची आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थेकरवी काम उभं करायची. ती वाट बंद झाली. पूर ओसरल्यावर घाईघाईने उभ्या राहिलेल्या मंडळाच्या हाती डॉलर पडणं त्यामुळे जवळपास अशक्य आहे.

मे २०२५मध्ये एक दार उघडलं. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला एफसीआरएची मान्यता मिळाली. अशी मान्यता मिळवणारं हे देशातलं पहिलं राज्य. पुढच्या चार महिन्यांतच मराठवाडा बुडाला. परदेशातल्या माणसासाठी हा सरळ मार्ग आहे. मात्र त्याला ‘आमच्या गावाला’ द्यायचं असतं, आणि या खात्यात पडलेला पैसा राज्याचा होतो.

बाहेर गेलेल्या माणसाला परत येऊन काय उभं करता येतं, याचं उदाहरण खुद्द बीडकडेच आहे. भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था बीड जिल्ह्यातले, कड्याच्या वसतिगृहात राहून शिकलेले. पुढे ते पुण्यात बांधकाम व्यवसायात स्थिरावले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा त्यांची संघटना आठ वर्षांची होती. तिने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. २०१३च्या दुष्काळात हीच संघटना बीडमध्ये उतरली आणि शंभराहून अधिक पाझर तलावांतला गाळ काढला. तो गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या रानात नेऊन टाकला. तलाव खोल झाले, मुरमाड जमिनींवर मातीचा थर चढला.

दोन्ही वेळा आपत्तीच्या आधीपासून उभी असलेली यंत्रणा कामी आली. अशा यंत्रणा जिल्ह्यात आणखीही आहेत. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२मध्ये ‘मानवलोक’ ही संस्था सुरू केली. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीत दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं ‘शांतिवन’ ऊसतोड कामगारांच्या मुलांना सांभाळतं. कोणत्या वस्तीवर विधवा एकटी राहते, कोणाचं नाव तलाठ्याच्या यादीतून सुटलंय, हे अशा ठिकाणी माहीत असतं. न्यू जर्सीतल्या दात्याला ते कळायचा दुसरा मार्ग नाही.

अर्थात बीडमधून बाहेर पडलेले बहुतेक लोक न्यू जर्सीला गेलेलेच नाहीत. ते चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आहेत, पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करताहेत. त्यांना एफसीआरएची गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड फिरतो, रात्रीत टेम्पो भरतो. आणि दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन कोयता उचलणारी लाखो माणसं वर्षातले सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असतात. त्यांच्याकडून गावाला मदत येत नाही. घर वाहून गेलं तर येते ती पुढच्या हंगामाची वाढीव उचल.

टेम्पोत असतं काय? तांदूळ, तेल, ब्लँकेट, बिस्किटं आणि हमखास जुने कपडे. पहिल्या आठवड्यात किराणा आणि ब्लँकेट लागतातच. जुन्या कपड्यांचे ढीग मात्र किल्लारीच्या भूकंपापासून रस्त्याकडेला पडून राहताना लोकांनी पाहिलेत. खरी अडचण पाणी ओसरल्यावर दिसते. नदीने वरची काळी माती नेलेली, खाली उघडा खडक. विहीर गाळाने बुजलेली, मोटार वाहून गेलेली, ठिबकच्या नळ्या बांधाच्या बाभळीत गुंतलेल्या, कडबा कुजलेला.

राज्य सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि ३ लाख रुपये रोजगार हमीतून, बुजलेल्या विहिरीला ३० हजार, दुभत्या जनावरामागे ३७,५००. यातला सर्वांत मोठा आकडा रोजगार हमीचा, म्हणजे प्रामुख्याने मजुरांच्या हातून करायच्या कामाचा. मजुरांची जागा घेणारी यंत्रं त्या योजनेला चालत नाहीत. पण खडकावर फूटभर माती फावड्याने चढत नाही. त्यासाठी तलावातला गाळ, पोकलेन, हायवा आणि डिझेल लागतं. दूरच्या दात्याने भाडं द्यावं ते या यंत्रांचं. गाळ जवळच्या पाझर तलावात पडून आहे, आणि उन्हाळ्यात तलाव आटला की तो काढायला फेब्रुवारी ते मे एवढाच वेळ मिळतो.