पगाराची स्लिप आणि कॉलेजची पायरी

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की आमच्या घराची कडी रात्री नऊनंतर वाजू लागते. मी कचेरीतला साधा लिपिक. पण वस्तीत कुणाचा फॉर्म भरायचा असला, दाखला काढायचा असला, तर "भाऊकडे चला" असे म्हणतात. तशीच एक मावशी मुलाला घेऊन आली. ती नगरपालिकेत सफाई कामगार, पंचवीस वर्षांची नोकरी. मुलगा बारावी कॉमर्सला ५८ टक्क्यांनी पास झालेला. पेढ्याचा पुडा पुढे करून ती म्हणाली, "भाऊ, पोऱ्या पास व्हयना. आते काय करानं? मी नोकरी सोडू का, म्हणजे त्याले मन्ही जागा भेटी?"

मी पेढा हातात धरून तसाच बसलो.

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या हातावर पोट होते, त्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार म्हणजे केवढा आधार, हे ज्याने उपास काढले त्यालाच कळते. पण अठरा वर्षांच्या पोराच्या हातात पेनाऐवजी झाडू द्यायचा, तोही पास झाल्याच्या आनंदात, हे काही मनाला पटेना. मी तिला म्हणालो, "मावशी, आधी पगाराची स्लिप आण."

वाचक बंधू-भगिनींनो, ही पगाराची स्लिप आपण नीट वाचत नाही. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्यातल्या सर्वांत खालच्या श्रेणीचे सुरुवातीचे मूळ वेतन १५,००० रुपये. जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला. म्हणजे ७,५०० रुपये. दोन्ही मिळून २२,५०० आणि वर्षाचे २,७०,००० रुपये. यात घरभाडे भत्ता धरलेलाच नाही. आता दुसरी बाजू पाहा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला त्या वर्षी उत्पन्नाची मर्यादा होती अडीच लाख. म्हणजे काल नोकरीला लागलेला शिपाई किंवा सफाई कामगारसुद्धा या मर्यादेच्या बाहेर! त्याच्या मुलाला फ्रीशिप मिळते, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होते. पण निर्वाह भत्ता मिळत नाही. स्वाधार योजनेलाही अडीच लाखांचीच अट. तिच्यात राहण्या-जेवणाला पैसे मिळत. त्यातूनही हा मुलगा बाद.

कागदावरचा पगार आणि हातात येणारा पगार यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते. सोसायटीचे कर्ज, फंड, मुलीच्या लग्नाला उचललेले पैसे, दवाखाना. मावशीच्या हातात निम्माच पगार पडत होता. पण उत्पन्नाच्या दाखल्यावर कपातीला विचारतो कोण?

ज्यांचा पगारच कमी आहे, त्यांची गत निराळी. ठेकेदाराकडचा कामगार, अंगणवाडीची मदतनीस यांची मुले शिष्यवृत्तीत बसतात. २०२३ साली अंगणवाडी सेविकेचे मानधन वाढून १०,००० झाले, मदतनिसाचे ५,५००. अशा घरातल्या मुलाला शिष्यवृत्ती मंजूर होते, पण पैसा वेळेवर येतोच असे नाही. प्रवेशाच्या दिवशी लागणारी पुस्तके, बसचा पास, खोलीचे भाडे हे कुणाच्या खिशातून द्यायचे? कायम नोकरीवाला मर्यादेत अडकला, मानधनवाला वाट पाहण्यात अडकला.

आता शिकवणाऱ्यांकडे वळू. त्यांच्या पगाराचाही मुलांच्या शिक्षणाशी थेट संबंध आहे. राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षे मानधनावर काढायची. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला सुरुवातीला ३,००० रुपये होते. पुढे ६,००० आणि २०२३ मध्ये १६,००० झाले. विनाअनुदानित शाळा-ज्युनियर कॉलेजातल्या शिक्षकांनी अनुदानाचा एकेक टप्पा मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली. सीनियर कॉलेजात जागा रिकाम्या आणि वर्गावर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. जितके तास घेतले तितकेच पैसे, सुटीत काहीच नाही. माझ्या ओळखीचे एक सर नेट पास आहेत. दोन कॉलेजांचे तास करतात, एका गावाहून दुसऱ्या गावाला एस.टी.ने पळतात. तास संपल्यावर एखादा कच्चा मुलगा शंका विचारायला आला, तर त्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. दोष त्यांचा कसा म्हणावा? ज्याला पोट भरण्यासाठी धावावे लागते, तो थांबून शिकवणार कधी?

आणि थांबून शिकवणाऱ्याची गरज सर्वांत जास्त कुणाला, तर आपल्याच मुलांना. हे मी अनुभवाने सांगतो. मी मराठी माध्यमातून बारावी झालो आणि बी.कॉम.ला गेलो. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर इंग्रजीत जमाखर्चाचे उदाहरण लिहिले. गणित मला येत होते, पण प्रश्नच वाचता येत नव्हता! विचारायची लाज वाटली. पहिल्या वर्षी अकाउंट्समध्ये नापास झालो. वडिलांना दोन महिने सांगितले नाही. वडील शिपाई होते, १९७७-७८ चा राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप त्यांनी पाहिला होता. त्या दिवसांत घरी फक्त भाकरी आणि मिरचीचा ठेचा असे, हे आई अजून सांगते. ज्या पगारासाठी त्यांनी एवढे सोसले, त्याच पगारातून माझी फी गेली होती. शेवटी मी सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "एखाद्याला विचारून घे ना बाबा, विचाराले पैसा लागत नही."

कॉलेजची तयारी म्हणजे नुसते टक्के नव्हेत. पाठ्यपुस्तकाचे पान स्वतः वाचून समजणे, इंग्रजी शब्दाला न घाबरणे, अर्धा तास एका जागी बसून टिपण काढणे आणि अडले तर विचारणे. हे चार गुण ज्याच्याजवळ आहेत तो तयार. शहरातल्या साहेबांच्या मुलाला हे घरी मिळते. आपल्या मुलाला ते वस्तीने द्यावे लागेल.

बाबासाहेबांचे उदाहरण आपण फोटोपुरते ठेवतो. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. १९१७ मध्ये मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. शिष्यवृत्ती संपली म्हणून त्यांनी शिक्षण संपवले का? नाही. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. परळच्या चाळीत राहून पगारातला पैसा काटकसरीने साठवला, मित्र नवल भथेनांची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. पगार कशासाठी असतो, हे त्यांनी करून दाखवले. पुढे १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले, तेही नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळच्या वेळेचे.

आपण काय करतो? महागाई भत्त्याचा फरक मिळाला की नवी मोटारसायकल, लग्नात बँड, घरात मोठा टीव्ही. आनंद करू नये असे मी म्हणत नाही. आता आठवा वेतन आयोगही नेमला गेला आहे. उद्या ना परवा फरकाची रक्कम येईल. तेव्हा तरी विसाव्या हिश्श्याची आठवण ठेवावी, ही विनंती. विसावा जमत नसेल तर वर्षातून एक दिवसाचा पगार द्या. आमच्या वस्तीत दहा-बारा नोकरदारांनी तेवढेच केले आणि विहारात अभ्यासिका उभी राहिली. दोन ट्यूबलाइट, चार बाके, जुनी पुस्तके. तासिकेवरचे तेच सर आठवड्यातून दोन संध्याकाळ येतात. आम्ही त्यांना मानधन देतो, फुकट राबवत नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, आधारशी जोडलेले बँक खाते यांची एक पिशवी दहावीतच तयार करा. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला आताच शोधा, प्रवेशाच्या आदल्या दिवशी नव्हे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही सबंध राज्यात ऑनलाइन झाले. फॉर्मची तारीख चुकली तर गुण असून उपयोग नाही. ३१ जुलैला आपण धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. १९३७ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले होते. तिथे एक टेबल टाकून मुलांचे फॉर्म तपासून देता येणार नाहीत का?

आता त्या मावशीचे सांगतो. तिने नोकरी सोडली नाही. फ्रीशिपचा अर्ज भरला. बसचा पास आणि पुस्तके यांसाठी सोसायटीतून थोडे पैसे काढले. पहिल्या सत्रात मुलाचा एक विषय राहिला. ती पुन्हा रात्री आली, रडवेली होऊन. मी तिला माझी जुनी नापासाची गुणपत्रिका दाखवली. ती इतक्या वर्षांनी तरी उपयोगी पडली.

आज तो मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी सातला विहारात येतो आणि अकरावीच्या दोन मुलींना जमाखर्च शिकवतो. प्रश्न इंग्रजीत असला तर आधी मोठ्याने वाचायला लावतो. कोणी अडखळले तरी हसत नाही.

मावशी अजून पहाटे पाचला झाडू घेऊन निघते. परवा रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मन्ही जागा मन्हापुरतीच ऱ्हाऊ दे भाऊ."

जयभीम!