डोंगर आधी करड्या छटांत रंगवा

‘सिटीज: स्कायलाइन्स’ या शहर उभारण्याच्या गेमसाठी नकाशा बनवताय? डोंगर ब्रशने उभारत बसू नका, हाइटमॅप वापरा. हे १०८१ बाय १०८१ पिक्सेलचं कृष्णधवल चित्र असतं. पिक्सेल जितका पांढरा, तितकी जमीन उंच.

फाइल मात्र १६-बिटच हवी! ८-बिटमध्ये छटा फक्त २५६. उंचीचा पल्ला १०२४ मीटर, म्हणजे दर ४ मीटरला एक पायरी; सुंदर उताराची पार भातखाचरं होतात. १६-बिटमध्ये ६५,५३६ छटा मिळतात.

खरी भूमी हवी असेल, तर ‘एन्डेव्हर’ यानाने फेब्रुवारी २०००मध्ये रडारने मोजलेल्या उंचीची माहिती मोफत मिळते. त्यातून सह्याद्रीही आणता येतो. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणून सगळी उंची प्रमाणात घटवावी लागते. त्यात कडे बोथट होतात. तेवढे मात्र हाताने पुन्हा तासून घ्याच.