विश्लेषण : जंगलात जाताना मोबाइलमध्ये कोणते ॲप हवे? शिकारीसाठी बनलेले ॲप भारतात का नको?

पावसाळा सरत आला की छत्रपती संभाजीनगरकरांची पावले गौताळा, म्हैसमाळ आणि पैठणच्या नाथसागराकडे वळतात. कुणी ट्रेकसाठी जाते, कुणी पक्षी पाहायला, तर कुणी कॅमेरा घेऊन. निघण्यापूर्वी मोबाइलवर जंगलासाठी उपयोगी ॲप शोधले, की परदेशातील शिकाऱ्यांसाठी बनवलेली ॲपही समोर येतात. नकाशा, वाऱ्याची दिशा, प्राणी दिसल्याच्या जागेची खूण, असे सगळे त्यात एकत्र मिळते. मात्र भारतात त्यांचा मूळ हेतूच बेकायदा आहे. मग त्यातले आपल्या कामाचे काय, आणि ते कोणत्या ॲपमधून मिळवायचे?

शिकारीची ॲप नेमके काय करतात?

ऑनएक्स हंट, हंटस्टँड ही अमेरिकेतील लोकप्रिय ॲप आहेत. तिथे परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात शिकार करता येते. त्यामुळे कोणती जमीन सरकारी, कोणती खासगी आणि तिचा मालक कोण, हे नकाशावर दाखवणे हे या ॲपचे मुख्य काम. जोडीला वारा, सूर्योदय-सूर्यास्त आणि नेटवर्कशिवाय चालणारा नकाशा असतो. जमिनीची ही माहिती अमेरिकेतील नोंदींवर आधारलेली असल्याने कन्नड किंवा सोयगाव तालुक्यात तिचा उपयोग शून्य. उरलेल्या सोयी मोफत ॲपमध्येही मिळतात.

भारतीय कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 9 नुसार अनुसूचीतील वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. प्राण्याला ठार मारणे, विष घालणे, पकडणे, सापळा लावणे, हाकून काढणे, आमिष दाखवणे आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सगळे त्यात येते. पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी, घरटी विस्कटणे हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शिकारच. म्हणजे चांगला फोटो मिळावा म्हणून घरट्यापुढची फांदी बाजूला करणारा हौशी छायाचित्रकारही अडचणीत येऊ शकतो.

कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीने दंड वाढला. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची शिकार किंवा अभयारण्यात केलेली शिकार यासाठी 3 ते 7 वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. काळवीट, मोर, बिबट्या हे सारे पहिल्या अनुसूचीत आहेत.

रानडुक्कर, रोही पिके उद्ध्वस्त करतात, तेव्हा काय?

मराठवाड्यातील शेतकऱ्यांचा हा रोजचा प्रश्न आहे. कलम 11 नुसार पिकांना धोका ठरणाऱ्या ठरावीक प्राण्यांबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती कागदावर मिळते, कोणत्याही ॲपमधून नाही. इथे मोबाइलचा उपयोग वेगळा आहे. नुकसान झालेल्या पिकाचा, पावलांच्या ठशांचा तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदवणारा फोटो काढून ठेवला, तर वन विभागाकडे अर्ज करताना आणि पंचनाम्याच्या वेळी तो हाताशी राहतो.

पहिली कसोटी : नेटवर्क गेल्यावर ॲप चालते का?

गौताळा औट्रमघाट अभयारण्य सातमाळा-अजिंठा डोंगररांगेत, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत सुमारे 260 चौरस किलोमीटरवर पसरले आहे. दऱ्याखोऱ्यांत मोबाइलला रेंज मिळेलच याची खात्री नसते. मात्र रेंज गेली म्हणून जीपीएस बंद पडत नाही. फोन उपग्रहांकडून येणारे संकेत फक्त ग्रहण करतो, त्यासाठी टॉवर लागत नाही. टॉवरच्या मदतीने पहिल्यांदा ठिकाण लवकर सापडते, एवढेच. रेंज नसताना त्याला काही मिनिटे लागू शकतात. अडचण येते ती नकाशाची. तो फोनमध्ये आधीच उतरवलेला नसेल, तर कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका दिसतो.

गुगल मॅप्समध्ये हव्या त्या भागाचा नकाशा डाउनलोड करता येतो, पण नेटवर्क नसताना तो गाडीचा रस्ता सांगतो, पायी जाण्याचा नाही. ऑरगॅनिक मॅप्स आणि ओएसएमअँड ही ॲप ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतात. कुणी नोंदवल्या असतील तर पायवाटाही त्यात दिसतात आणि इंटरनेटविना मार्ग आखता येतो. मात्र नकाशात वाट दिसली म्हणजे त्या वाटेने जायची परवानगी आहे, असे नाही. अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते आणि तिथे वनरक्षकाचा शब्द अंतिम.

ॲप खरेच ऑफलाइन चालते का, हे घरीच तपासता येते. नकाशा उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका, जीपीएस सुरू ठेवा आणि गल्लीत एक फेरी मारा. ठिपका रस्त्यावरून सरकला तर ॲप पास. जंगलातही रेंज नसताना फ्लाइट मोड उपयोगी पडतो, कारण टॉवर शोधत राहण्यातच बॅटरी लवकर संपते. कॉल करायचा असेल तेव्हा मात्र तो बंद करायला विसरू नका.

दुसरी कसोटी : संकटात ते काय कामाचे?

विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेले ‘दामिनी’ हे ॲप आहे. तुमच्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात कुठे वीज पडली, हे ते दाखवते. अंदाजासाठी हवामान खात्याचे ‘मौसम’ ॲप आहे. दोन्हींना इंटरनेट लागते, त्यामुळे घाटात उतरण्यापूर्वी ती पाहून घ्यावीत. रेंज नसेल तर साधे गणित कामी येते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचे. उत्तर येईल ते विजेचे किलोमीटरमधील अंतर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठावी. झाडाखाली थांबू नये.

मदतीसाठी 112 हा क्रमांक पाठ हवा. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी आसपास दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क असेल तर फोन त्यावरून आपत्कालीन कॉल लावू शकतो. रुग्णवाहिकेसाठी 108, तर वन विभागाची हेल्पलाइन 1926 आहे. फोनवर ‘डोंगराजवळ आहोत’ असे सांगून कुणाला शोधता येत नाही. नकाशा ॲपमधले अक्षांश-रेखांश वाचून दाखवावेत. दशांश चिन्हानंतर 4 अंक दिले, तर जागा साधारण 11 मीटरपर्यंत नेमकी कळते. दोनच अंक दिले तर एक किलोमीटरचा घोळ होतो. इंटरनेट नसतानाही अनेकदा साधा एसएमएस जातो, हेही लक्षात असू द्यावे.

साप चावल्यास ॲपवर साप ओळखत बसू नये. भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच संयुक्त प्रतिविष दिले जाते. फोटोसाठी सापाच्या मागे जाण्यात वेळ जातो आणि दुसरा दंश होण्याचा धोका वाढतो. आधी रुग्णालय गाठणे महत्त्वाचे.

तिसरी कसोटी : तुमचे ठिकाण आणखी कोण पाहते?

ही कसोटी सर्वांत कमी लावली जाते. 2013 मध्ये मध्य प्रदेशातील पन्नाच्या एका वाघाच्या जीपीएस कॉलरची माहिती ज्या ई-मेल खात्यात येत होती, ते उघडण्याचा संशयास्पद प्रयत्न पुण्यातून झाला. सर्व्हरने तो अडवला, पण वाघाचा माग काढायला आता जंगलात जावेच लागते असे नाही, हे तेव्हा लक्षात आले. 2018 मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उजळल्या आणि त्यातून लष्करी तळांची ठिकाणे उघड झाली. तिथे कुणी हॅकिंग केले नव्हते, माहिती वापरकर्त्यांनीच दिली होती.

गौताळ्याच्या बाबतीत हा धोका दूरचा नाही. 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ इथे पोहोचला आणि कॅमेरा ट्रॅपमधील छायाचित्रांवरून त्याची ओळख पटली. अशा प्राण्याचा नेमक्या जागेसह टाकलेला एक फोटो पर्यटकांची गर्दी खेचू शकतो आणि शिकाऱ्याला आयता पत्ता देऊ शकतो.

म्हणून निरीक्षणे नोंदवण्यासाठी जागा लपवण्याची सोय असलेलेच ॲप निवडावे. आयनॅचरलिस्टमध्ये संकटग्रस्त प्रजातींचे ठिकाण आपोआप सुमारे 20 किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात धूसर होते. इतर नोंदींसाठीही खुले, धूसर किंवा खासगी असे पर्याय आहेत. ईबर्ड संवेदनशील पक्ष्यांच्या नेमक्या जागा जाहीरपणे दाखवत नाही. त्यात मराठी नावे निवडता येतात आणि यादी ऑफलाइन भरून घरी आल्यावर पाठवता येते. मर्लिन हे ॲप त्याच कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे. भारताचा संच आधीच उतरवला, तर ते नेटवर्कविना आवाजावरून पक्ष्याचे नाव सुचवते. ते चुकूही शकते, त्यामुळे पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुर्मीळ नोंद करू नये. या ॲपमधले पक्ष्यांचे आवाज मोठ्याने वाजवून त्यांना जवळ बोलावणेही टाळावे. विणीच्या हंगामात घरटे सोडून आलेल्या पक्ष्याची अंडी, पिल्ले उघडी पडतात.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील ‘लोकेशन टॅग’कडेही लक्ष हवे. तो सुरू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागा साठते. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर ही माहिती गळते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती तशीच पुढे जाते. शेतकऱ्याला नुकसानीच्या पुराव्यासाठी जो टॅग सुरू हवा, तोच दुर्मीळ प्राण्याचा फोटो काढताना बंद हवा.

मग फोनमध्ये नेमके काय ठेवायचे?

• एक ऑफलाइन नकाशा : ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड, जिल्ह्याचा नकाशा उतरवलेला.
• हवामान : दामिनी आणि मौसम, निघण्यापूर्वी पाहण्यासाठी.
• ओळख आणि नोंद : पक्ष्यांसाठी मर्लिन व ईबर्ड, इतर जिवांसाठी आयनॅचरलिस्ट.
• क्रमांक : 112, 108 आणि 1926.
• सोबत पॉवर बँक आणि घरी एक चिठ्ठी : कुठे जातोय, कुणासोबत, किती वाजेपर्यंत परतणार.

नवे ॲप घेताना ते संपर्क यादी, मायक्रोफोन आणि ‘सदैव लोकेशन’ची परवानगी मागते का, हे पाहावे. पक्ष्याचा आवाज ओळखायला मायक्रोफोन लागतो, नकाशाला नाही. बहुतेक कामांसाठी ‘ॲप वापरताना’ एवढीच लोकेशनची परवानगी पुरते. फेरी संपल्यावर तीही काढून घेता येते.