'वगैरे' या शब्दाची किंमत

घर पाहावे बांधून, असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले आहे. पण राहते घर दुरुस्त करून पाहावे, असे म्हणण्याचा धीर त्यांनाही झाला नसावा. नवे घर बांधताना माणूस निदान दुसरीकडे राहत असतो. दुरुस्तीत चूल दिवाणखान्यात, गाद्या स्वयंपाकघरात आणि आंघोळ शेजाऱ्यांकडे! म्हणून या कामाचा कंत्राटदार जावई शोधण्याइतक्याच सावधपणे शोधावा.

पण बहुतेक घरांत काय होते? तिघांकडून अंदाजपत्रके मागवावयाची, शेवटचे आकडे पाहावयाचे आणि सर्वांत लहान आकड्याच्या गळ्यात माळ घालावयाची. आम्ही मराठी शिकवणारी माणसे आकड्यांपेक्षा शब्दांकडे अधिक पाहतो. आणि माझे नम्र मत असे आहे की, अंदाजपत्रकातला सर्वांत महाग शब्द म्हणजे 'वगैरे'.

'न्हाणीघर दुरुस्ती, लाद्या वगैरे, एकूण रुपये अमुक.' हे एका ओळीचे अंदाजपत्रक स्वस्त दिसते, कारण त्यात कामे लिहिलेलीच नसतात. जुन्या लाद्या कोण फोडणार, राडारोडा कोण उचलणार, पाइप नवे की तेच, लाद्यांखाली वॉटरप्रूफिंग आहे की नाही, जीएसटी धरला की वेगळा, हे सारे त्या 'वगैरे'ने पोटात घातलेले असते. तोडफोड संपली की चौथ्या दिवशी तो शब्द तोंड उघडतो, "साहेब, हे त्यात नव्हतं." नळ तुटलेला आणि सासूबाई टॉवेल घेऊन शेजारी निघालेल्या; अशा वेळी घासाघीस कसली करणार? जे बोलावयाचे ते पहिला हातोडा पडण्यापूर्वी.

तेव्हा प्रत्येक कामाची वेगळी ओळ, तिचे मोजमाप आणि तिचा दर मागावा. गिलावा आणि लादीकाम चौरस फुटांवर किंवा ब्रासवर मोजतात. येथे ब्रास म्हणजे 100 चौरस फूट, वाळूचा ब्रास मात्र 100 घनफूट. दार-खिडक्यांची जागा वजा करावयाची की नाही, काम मालासकट की नुसत्या मजुरीवर, मालासकट असेल तर माल कोणत्या कंपनीचा, हेही कागदावर यावे. सिमेंटच्या पिशवीवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुनी पिशवी परत पाठवावी. हे सारे निमूटपणे लिहून देणारा माणूस थोडा महाग वाटला, तरी बहुधा तोच स्वस्त पडतो.

शिफारशीचेही तसेच. कंत्राटदार नुकतेच झालेले, चकचकीत काम दाखवतो. आपण दोन पावसाळे पाहिलेले काम दाखवावयास सांगावे. तेथेही घरमालकाशी बोलून झाल्यावर एक जिना उतरावा आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारावे, "तुमच्या छताला ओल येते का हो?" न्हाणीघराचा खरा दाखला त्याच देतात! आपल्या घरी लाद्या बसवण्यापूर्वी वॉटरप्रूफिंगवर 48 तास पाणी साठवून ठेवावे आणि खालचे छत कोरडे राहिले तरच पुढे जाऊ द्यावे.

एका बाबतीत मात्र थट्टा नको. "ही भिंत काढली की हॉल किती मोठा होईल!" असे कोणी म्हणू लागला की सावध व्हावे. जुन्या भारवाही भिंतींच्या इमारतीत विटांची भिंतच वरचे मजले पेलत असते आणि काँक्रीटच्या इमारतीत खांब-तुळया. 25 जुलै 2017 रोजी मुंबईत घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळून 17 माणसे दगावली. तळमजल्यावरच्या फेरफारांत खांबांना हात लावल्याचा आरोप तेव्हा झाला. भिंतीचा निर्णय कंत्राटदाराचा नव्हे आणि आपलाही नव्हे. तो स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. त्याचे मत, सोसायटीची लेखी परवानगी आणि जेथे लागेल तेथे महापालिकेची मंजुरी हाती आल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नये. जो कंत्राटदार स्वतःच हे कागद मागतो, त्याच्या नावापुढे एक गुण अधिक द्यावा.

राहिला पैसा. माल आणण्यापुरती थोडी रक्कम आगाऊ द्यावी. पुढचे हप्ते तारखेवर नव्हे, तर कामाच्या टप्प्यांवर ठरवावे आणि टप्पा पुरा झाला की त्याच दिवशी चुकते करावे. गवंडी-बिगाऱ्यांची मजुरी त्यातूनच निघते. शेवटचा दहावा हिस्सा मात्र पावसाळा उलटेपर्यंत आपल्याकडे ठेवावा आणि तसे करारातच लिहावे.

पावसाळ्यासारखा निःस्पृह परीक्षक दुसरा नाही. तो ना ओळख पाहतो, ना चकचकीत लाद्यांना भुलतो. या दिवाळीनंतर काम काढाल, तर त्याचा निकाल पुढल्या दिवाळीपर्यंत भिंतींवर उमटलेला असेल. तोवर आपल्या करारात एकही 'वगैरे' न राहो, हीच शुभेच्छा!